कॅम्पिंग ट्रेलरचे टायर बदलायचेत? दुकानात जाण्याआधी हे वाचा

गाडीच्या टायरची हवा गेली की चालकाला लगेच कळतं. स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, आवाज येतो, गाडी जड वाटायला लागते. मागे जोडलेल्या ट्रेलरचं तसं नसतं. पाच-सातशे किलोचा दोनचाकी ट्रेलर थार किंवा बोलेरोच्या मागे धावतोय आणि त्याचं एक चाक बसलं, तर पुढे बसलेल्याला बराच वेळ पत्ताच लागत नाही. मागून येणारा एखादा ट्रकवाला दिवे मारून सांगतो, नाहीतर आरशात धूर दिसतो. तोवर टायरच्या चिंध्या झालेल्या असतात आणि डिस्क डांबरावर घासत असते.

म्हणून ट्रेलरचा टायर निवडणं हा कारच्या टायरपेक्षा थोडा वेगळा विषय आहे. कारला जे लागतं त्यातलं निम्मं ट्रेलरला लागत नाही, आणि ट्रेलरला जे लागतं ते कारचे टायर घेताना कुणी विचारतही नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून गाडीतच मुक्काम करण्याची चर्चा वाढली. मोठी कॅरावॅन सगळ्यांना परवडत नाही. तंबू, शेगडी, पाण्याची टाकी आणि गाद्या मावतील असा छोटा ट्रेलर मात्र एखाद्या चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडूनही बनवून घेता येतो. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास तो न्यायला जागाही भरपूर आहेत. पैठणला नाथसागराचा काठ, खुलताबादच्या वर म्हैसमाळ, कन्नडच्या पुढे पितळखोरा आणि गौताळा. (गौताळा अभयारण्य आहे. तिथे मुक्काम वनखात्याच्या परवानगीनेच.) ट्रेलर बनवताना त्याला बहुतेक वेळा हाताला लागतील ते टायर बसवलेले असतात. खरा प्रश्न पुढे येतो, ते टायर बदलायची वेळ आली की.

'ऑफ-रोड' शब्दाचा घोळ

दुकानात जाऊन "ऑफ-रोड टायर द्या" म्हटलं तर गंमत होऊ शकते, आणि संभाजीनगरमध्ये जरा जास्तच. कारण ऑफ-रोड टायरसाठी जगभर नाव असलेल्या बाळकृष्ण इंडस्ट्रीज, म्हणजे बीकेटी, या कंपनीचा कारखाना इथेच वाळूजला आहे. गुडइयरचा टायर कारखानाही वाळूजचाच. टायर हा या शहराचा घरचा माल.

पण बीकेटीच्या भाषेतलं 'ऑफ-रोड' म्हणजे ट्रॅक्टर, शेतीची अवजारं, खाणीतले लोडर, बंदरावरची यंत्रं. जीपवाल्यांच्या भाषेतलं 'ऑफ-रोड' म्हणजे डांबरावरून ऐंशीने जाऊन शेवटचे पाच किलोमीटर दगडमातीत उतरणारा टायर. शब्द एक, माल पूर्ण वेगळा. शेतीच्या ट्रॉलीचा टायर दिसायला दणकट असतो, त्याची भिंत जाड असते आणि तो खूप वजन पेलतो. साहजिकच एखाद्याला वाटतं, हाच बसवू, आयुष्यभराची काळजी मिटली.

अडचण वेगाची आहे. शेतीच्या बऱ्याच टायरवर वेगाचं चिन्ह 'ए ६' किंवा 'ए ८' असं असतं. ए ६ म्हणजे ताशी ३० किमी, ए ८ म्हणजे ताशी ४० किमी. ट्रॅक्टरमागे हा वेग पुरतो. तोच टायर कॅम्पिंग ट्रेलरला लावून जळगाव रोडने ऐंशीच्या वेगाने अजिंठ्याकडे निघालात, तर आतल्या थरांमध्ये उष्णता साठत जाते. रबर आणि दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एकदम फुटतो.

कारच्या किंवा हलक्या मालवाहू गाड्यांच्या टायरवर अक्षर वेगळं असतं. एल म्हणजे १२० किमी, एन १४०, क्यू १६०, आर १७०, एस १८०. ट्रेलर ओढताना ऐंशीच्या वर जाण्याचं काही कारण नाही, पण टायरवरचं अक्षर निदान एल किंवा त्यापुढचं असावं. उन्हाळ्यातल्या तापलेल्या रस्त्यावर ही जास्तीची शिल्लक उपयोगी पडते.

इथे समृद्धी महामार्गाचा मुद्दा येतोच. सावंगी किंवा माळीवाड्याच्या इंटरचेंजवरून वर चढलं की पुढे सरळ काँक्रीट. कारला वेगमर्यादा १२०, वाटेत थांबायला कारण नाही, त्यामुळे टायरला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. महामार्गावर अपघात वाढल्यावर २०२३ मध्ये आरटीओने गाड्यांचे टायर तपासायची मोहीम घेतली होती, ती उगाच नाही. ट्रेलर मागे असेल तर तासा-दीड तासाने थांबून दोन्ही चाकांना हात लावून बघणं ही सवयच करून घ्यावी. टायर कोमट असणं ठीक. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागलं तर त्यात हवा कमी आहे किंवा त्याचं बेअरिंग जातंय.

आधी वजनकाटा, मग दुकान

टायर घेताना पहिला प्रश्न नक्षीचा नसतो, वजनाचा असतो. आणि इथे जवळपास सगळे अंदाजाने बोलतात. "रिकामा साडेतीनशे किलो आहे" हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण रिकामा ट्रेलर घेऊन कुणी सहलीला जात नाही. साठ लिटरची पाण्याची टाकी भरली की साठ किलो तिथेच वाढले. छतावरचा तंबू, गॅस सिलिंडर, बॅटरी, जॅक, स्टेपनी, खुर्च्या, किराणा. लोखंडी चौकट असेल तर बघायलाच नको.

सोपा उपाय म्हणजे सहलीला निघताना भरतो तसा ट्रेलर पूर्ण भरायचा आणि वजनकाट्यावर न्यायचा. बाजार समितीचा, जिनिंगचा, भंगारवाल्याचा, कुठलाही चालेल. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवायचा आणि फक्त त्याची चाकं काट्यावर घ्यायची. जो आकडा येईल ते टायरवर येणारं खरं वजन. मग ट्रेलर सोडवून पुढच्या टेकूसकट सगळा काट्यावर घ्यायचा, म्हणजे एकूण वजन कळतं. दोन आकड्यांतला फरक हा गाडीच्या हूकवर येणारा भार. तो एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डुलायला लागतो, आणि त्याला जगातला कुठलाही टायर सावरू शकत नाही.

समजा चाकांवरचं वजन ७६० किलो आलं. एका चाकावर ३८०. पण ट्रेलर कधीच दोन्हीकडे सारखा भरलेला नसतो. स्वयंपाकाचा कप्पा एका बाजूला, पाण्याची टाकी दुसऱ्या बाजूला, आणि कच्च्या रस्त्यावर आडव्या उतारावरून जाताना एका चाकावर जास्तच येतं. म्हणून निदान २५ टक्के शिल्लक धरायची. ३८० चे झाले ४७५ किलो.

आता टायरच्या भिंतीवर बघायचं. आकाराच्या पुढे एक दोन किंवा तीन अंकी आकडा आणि त्याला चिकटून अक्षर असतं, उदाहरणार्थ '९६ एस'. हा ९६ म्हणजे वजनाचा निर्देशांक. तो किलोमध्ये नसतो, त्याचा ठरलेला तक्ता आहे. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८६ म्हणजे ५३०, ९१ म्हणजे ६१५, ९६ म्हणजे ७१०, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००. आपल्या उदाहरणात ८२ किंवा त्यावरचा आकडा हवा. '८६/८४' असे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा ट्रकसारख्या जोडचाकांसाठी. ट्रेलरला पहिलाच बघायचा.

आणखी एक बारकावा. कारचा टायर ट्रेलरला लावायचा असेल तर अमेरिकेत त्याची वजनक्षमता १.१ ने भागून धरतात. म्हणजे ७१० किलोचा टायर ट्रेलरवर ६४५ चाच मानायचा. ट्रेलर डुलतो, त्याचा टायर वळणावर आडवा घासतो, शिवाय तो बहुतेक वेळा काठोकाठ भरलेलाच फिरतो, हे धरून केलेली ही कपात. आपल्याकडेही हा हिशोब पाळायला हरकत नाही.

टायरवर '६ पीआर', '८ पीआर' असंही दिसेल. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे जितके थर तितका हा आकडा असायचा. आज तो फक्त ताकदीचं माप आहे. ८ पीआरच्या टायरमध्ये प्रत्यक्षात आठ थर शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. ६ पीआरपेक्षा ८ पीआरमध्ये जास्त हवा भरता येते आणि म्हणून तो जास्त वजन घेतो, इतकाच त्याचा अर्थ.

परदेशी व्हिडिओ बघून आलेले 'एसटी' टायर मागतात. हे अमेरिकेतले खास ट्रेलरसाठीचे टायर, भिंत ताठ, डुलणं कमी. पण दुसरं काही छापलेलं नसेल तर त्यांची वेगमर्यादा परंपरेने ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किमी धरली जाते. ते आपल्याकडच्या दुकानात मिळणं कठीण, आणि मागवून घेतलाच तर प्रवासात फाटल्यावर दुसरा कुठून आणणार हा प्रश्न उरतोच. हलक्या मालवाहू गाडीचा 'एलटी' टायर हा आपल्याकडचा त्याला जवळचा पर्याय.

चाकोरी आणि स्टेपनी

'चाकोरी' हा शब्द आपण आयुष्याबद्दल वापरतो, पण मूळचा तो रस्त्याचाच. बैलगाड्यांच्या चाकांनी मातीत पडलेल्या दोन खोल रेघा म्हणजे चाकोरी. पुढची गाडी त्यातूनच जायची, कारण चाक त्यात बसलं की बैलांना ओढायला हलकं जायचं.

ट्रेलरचंही तेच. त्याच्या दोन चाकांमधलं अंतर पुढच्या गाडीइतकं असेल तर पावसाळ्यानंतरच्या कच्च्या रस्त्यावर तो गाडीने दाबलेल्या मातीतून निमूट मागे येतो. अंतर कमी-जास्त असेल तर एक चाक चाकोरीत, एक वरच्या गवतात, आणि ट्रेलर तिरका. काळ्या मातीत हा फरक फार जाणवतो. काळी माती ओली झाली की टायरला गोळा होऊन चिकटते आणि ट्रेलरची दोन चाकं स्वतःची वेगळी चाकोरी पाडत असतील तर गाडीला दुप्पट चिखल उपसावा लागतो.

म्हणून अनुभवी लोक गाडीचंच चाक ट्रेलरला बसवतात. तोच टायर, तीच डिस्क. जिम्नीला १९५/८० आर १५, बोलेरोला २१५/७५ आर १५, नव्या थारच्या एका प्रकाराला २४५/७५ आर १६, दुसऱ्याला २५५/६५ आर १८. गाडी आणि ट्रेलरचं चाक एकच असेल तर एक स्टेपनी पाचही नव्हे, सहा चाकांना चालते, आणि दोन स्टेपन्या घेतल्या तर त्या दोन्ही कुठेही लागतात. आडरानात, जिथे पंक्चरवाला वीस किलोमीटरवर आहे, तिथे याची किंमत कळते.

पण यासाठी ट्रेलरच्या हबवरचे बोल्ट जुळायला हवेत. जिम्नी आणि जुन्या जिप्सीला पाच बोल्ट, १३९.७ मिमीच्या वर्तुळावर. २०२० नंतरच्या थारला त्याच वर्तुळावर सहा. पाच बोल्टच्या हबवर सहावाली डिस्क बसत नाही, आणि "थोडं भोक मोठं करून बसवू" म्हणणाऱ्या कारागिराला तिथेच थांबवायचं. हब बदलणं हे सरळ काम आहे, ते करून घ्यावं.

छोट्या ट्रेलरला मूळचे बऱ्याचदा १२ इंची टायर असतात, टाटा एसला येतात तसे १४५ आर १२ एलटी. ते वजनाला कमी नसतात. ८ पीआरचा असा टायर नियमित माल वाहतो. गडबड उंचीची आहे. त्याचा व्यास साधारण ५४३ मिमी, तर १९५/८० आर १५ चा ६९३ मिमी. छोटं चाक खड्ड्यात खोल उतरतं आणि दगडावर आपटतं, मोठं चाक त्यावरून जातं. शिवाय तेवढ्याच अंतरात छोट्या चाकाचे फेरे जास्त होतात, म्हणजे बेअरिंगलाही जास्त काम.

मात्र १२ वरून १५ ला गेलात की आस ७५ मिमी वर उचलला जातो. मडगार्डमध्ये जागा आहे का? पाटे पूर्ण दबल्यावर टायर वर घासतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हूकची उंची. ट्रेलर जोडल्यावर तो जमिनीला समांतर दिसायला हवा. नाक खाली झुकलं तर हूकवर भार वाढतो, नाक वर राहिलं तर भार कमी होतो आणि डुलणं सुरू. टायर बदलला की हूकची उंचीही बदलावी लागते, हे बहुतेक जण विसरतात.

नक्षी: इथेच पैसे वाया जातात

खडबडीत गोट्यांचा मड टायर दिसायला भारी. फोटोत तर फारच. पण ट्रेलरच्या चाकाला इंजिनची ताकद मिळतच नाही, ते नुसतं ओढलं जातं. चिखलात पंजा रोवून पुढे ढकलणं हे मड टायरचं काम, आणि ट्रेलरला ते काम नाही. उलट डांबरावर तो गुणगुणतो, जड असतो, लवकर झिजतो.

ट्रेलरला दोनच गोष्टी हव्यात. आडव्या उतारावर चाक बाजूला घसरू नये, आणि भिंत मजबूत असावी. दोन्हींसाठी मध्यम नक्षीचा ऑल-टेरेन टायर पुरतो. तुमचा प्रवास बहुतांश डांबर आणि मुरमाचा असेल, तर साधा रिबचा मालवाहू टायरही चालतो आणि स्वस्त पडतो. अपवाद एकच. पावसाळ्यात काळ्या रानातून, उतारावरून जायचं ठरलेलंच असेल तर गोट्यांची धार बाजूला घसरणं थोडं रोखते. पण अशा दिवशी ट्रेलर डांबरावरच सोडून जाणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे.

भिंतीबद्दल बोलायचं तर आपल्या भागाचे दोन शत्रू आहेत. एक बेसॉल्टची धारदार खडी. फुटलेल्या काळ्या दगडाच्या कडा टायरची भिंत सुरीसारखी कापतात आणि भिंतीवरच्या कापाला भरवशाचं पंक्चर काढणं नसतं, टायर बदलावाच लागतो. दुसरा म्हणजे वेड्या बाभळीचा काटा. तलावाकाठी, ओढ्याकाठी, म्हणजे तंबू टाकायला छान वाटतं तिथेच ती माजलेली असते. काटा नक्षीतून आत जातो, हळूहळू हवा सोडतो आणि सकाळी टायर बसलेला मिळतो. ट्यूबलेस टायर इथे चांगला, कारण काटा आत असेपर्यंत हवा सावकाश जाते आणि चाक न काढता वात भरून पंक्चर काढता येतं. वातीचं किट आणि बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर ट्रेलरमध्ये असायलाच हवा.

नायलॉन की रेडियल

दुकानदार हा प्रश्न विचारतोच. नायलॉन म्हणजे आडव्या-तिरप्या दोऱ्यांचा जुन्या पद्धतीचा टायर. भिंत जाड, ठोके सोसतो, किंमत कमी. आकारातच ओळखू येतो. ६.००-१६ किंवा ७.५०-१६ असा मध्ये फक्त आडवी रेघ. रेडियलमध्ये त्या जागी 'आर' असतो.

नायलॉन टायरने महाराष्ट्राची शेती ओढली आहे. लाकडी चाकाला लोखंडी धाव असलेली बैलगाडी जाऊन रबरी टायरची गाडी आली तेव्हा बैलांचा भार किती हलका झाला ते जुन्या लोकांना विचारावं. ऊसतोडीत तर 'टायरगाडी' हा शब्दच रूढ झाला. बैलगाडीसाठीचे टायर आजही वेगळे बनतात. हे सगळे कमी वेगाचे, जास्त ओझ्याचे. त्या कामात नायलॉनला तोड नाही.

गाडीमागे ऐंशीने धावणाऱ्या ट्रेलरला मात्र रेडियल. तो कमी तापतो, रस्त्याला सपाट चिकटतो आणि कमी रेटा लागत असल्याने डिझेलही थोडं वाचतं. कच्च्या रस्त्यावर हवा कमी करून चालवायची असेल तर त्याची लवचिक भिंत ते सोसते. एका आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन हे मात्र कधीच नको. दोघांचं वळणावरचं वागणं वेगळं असतं आणि ट्रेलर एका बाजूला ओढत राहतो.

न झिजताच मरणारा टायर

कारचा टायर झिजून संपतो. ट्रेलरचा टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो. वर्षातून चार-पाच सहली, बाकी दिवस अंगणात किंवा गच्चीखाली उन्हात. नक्षी नवीच्या नवी दिसते आणि मालक म्हणतो, "अजून दोन वर्षं जातील." रबर मात्र ऊन आणि ओझोनने कडक होत असतं. भिंतीवर, नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा पडतात. नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की टायर बाद, हा नियम कारला लागू पडतो. ट्रेलरला ती वेळ येण्याआधीच टायर वयाने संपतो.

वय कसं ओळखायचं? भिंतीवर 'डीओटी' अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. काही टायरवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून आतली बाजूही बघायची. सहा वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासणी, दहा वर्षांनंतर नक्षी कशीही दिसो, टायर काढायचा. स्टेपनीलाही हाच हिशोब. ती तर एकदाही रस्त्यावर न येता म्हातारी झालेली असते.

नवा टायर घेतानाही तारीख बघा. ट्रेलरला लागणारे काही आकार कमी खपाचे असतात, त्यामुळे दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला माल 'नवा' म्हणून मिळू शकतो. दुकानदार फसवतोच असं नाही, त्यालाही लक्षात नसतं. आयएसआय चिन्ह आहे ना तेही पाहून घ्या. आयात केलेल्या स्वस्त टायरच्या बाबतीत तर आवर्जून.

जुने टायर आणि रिमोल्ड यांचा मोह आवरावा. ट्रकच्या मागच्या जोडचाकांना रिमोल्ड लावणं हा व्यवस्थित चालणारा धंदा आहे, तिथे एक फुटला तर शेजारचा सांभाळतो. दोनचाकी ट्रेलरला शेजारचा कुणी नसतो. एक चाक गेलं की ट्रेलर आडवा, आणि त्यासोबत गाडीही ओढली जाऊ शकते, विशेषतः घाट उतरताना. सेकंडहँड टायरचा पूर्वीचा मालक हवा कमी ठेवून फिरला होता का, हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही.

बसवल्यानंतर

हवा किती भरायची याचं एकच उत्तर नाही, ते वजनावर ठरतं. भिंतीवर छापलेला सर्वाधिक दाबाचा आकडा ही शेवटची हद्द आहे. हलक्या ट्रेलरच्या दणकट टायरमध्ये तेवढी हवा भरली तर ट्रेलर चेंडूसारखा उडतो. आतली भांडी फुटतात, आणि काही महिन्यांत चौकटीच्या वेल्डिंगला तडे जातात. कमी भरली तर टायर तापतो. तापलेला टायर हाच फुटणारा टायर, त्यामुळे शंका असेल तर दोन-चार पीएसआय जास्त असलेले बरे.

घरच्या घरी करायची एक तपासणी आहे. ट्रेलर पूर्ण भरून सपाट जागी उभा करायचा, नक्षीवर आडवा खडूचा पट्टा ओढायचा आणि सरळ रेषेत शंभर-दोनशे फूट ओढून न्यायचा. खडू फक्त मधला पुसला गेला तर हवा जास्त, फक्त कडांचा गेला तर कमी, सगळीकडे सारखा गेला तर बरोबर. तो आकडा ट्रेलरच्या दांड्यावर रंगाने लिहून ठेवा.

दाब नेहमी सकाळी, टायर गार असताना बघायचा. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड-दोन पीएसआयने वाढतो. मे महिन्यात दुपारी पेट्रोल पंपावर "हवा जास्त झाली" म्हणून सोडलेली हवा ही दुसऱ्या दिवशी पहाटे कमी पडलेली हवा असते. कच्च्या रस्त्यासाठी मुद्दाम कमी केलेली हवा डांबरावर परत येताच भरायची, पुढच्या गावात नाही.

नवे टायर बसवताना दोन्ही चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. ट्रेलरला नको म्हणणारे बरेच भेटतील, कारण स्टेअरिंगला काही जाणवत नाही. थरथर होतेच, ती बेअरिंगला जाणवते. चाक उतरवलंच आहे तर हब उघडून बेअरिंगचं जुनं ग्रीस काढून नवं भरायचं. व्हॉल्व्हही नवे टाकायचे, ते स्वस्त असतात आणि जुने तडकतात. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. नव्या डिस्कवर ते हमखास थोडे सैल पडतात.

सहल संपल्यावर ट्रेलर महिनोन् महिने उभा राहणार असेल तर आसाखाली लाकडी ओंडके देऊन चाकांवरचा भार काढा आणि टायर जाड कापडाने झाका. प्लास्टिक नको, आत वाफ धरते. ओंडके नसतील तर निदान महिन्यातून एकदा ट्रेलर थोडा पुढे-मागे ढकलून चाकाची जागा बदलायची, आणि त्याच वेळी हवा बघायची.